बिनबैलाची घुंगरमाळ

आमच्या घरी हल्ली खोकी येतात. दारात मोटरसायकल थांबते, पोरगा मोबाइलवर बघून नाव पुकारतो आणि माझी सून खोकं घेऊन जी आत पळते ती थेट तिच्या खोलीत. मी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेली असते, मला सगळं दिसतं, पण सासूला दिसत नाही असं समजण्याची सुनांची जुनीच पद्धत आहे आणि ती मोडण्यात काही फायदा नसतो. परवा मात्र मी तिला हाक मारली. म्हटलं, काय आलंय बघू तरी. तिनं आधी ऑफर होती, फार स्वस्त पडलं, परतही करता येतं, अशी लांबण लावली. मग खोक्यातनं निघाला काचेचा एक निळा मासा, दोऱ्याला लोंबणारा. खिडकीत धरला की भिंतीवर निळा डाग पडतो, बस्स, एवढंच त्याचं काम. “कशाला गं हा?” असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण मी ते गिळलं. हा प्रश्न मी एकदा माहेरी विचारला गेलेला ऐकलाय, आणि त्याचं उत्तर देताना माझ्या आईची जी अवस्था झाली तीही पाहिलीय.

तसं पाहिलं तर माझं उभं आयुष्य या प्रश्नाच्या जिवावरच चाललं. लग्न होऊन मी जुन्नरला आले ती कटलरीच्या दुकानात. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, खोट्या मोत्यांच्या माळा. गरजेचं गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. ते ताडताड येतं, वस्तूचं नाव घेतं, घासाघीस करतं आणि जातं. हौसेचं गिऱ्हाईक मागतं सेफ्टीपिना आणि बघतं भलतीकडंच. आमचे हे म्हणायचे, “हौसेच्या गिऱ्हाइकाशी बोलत जाऊ नकोस, बोललीस की त्याला शुद्ध येते.” खरं होतं ते. आपल्याकडं हौसेला मोल नाही असं म्हणतात, पण ते लग्नाकार्यात मिरवायला. एखाद्या बाईनं एकटीनं, कुणाला न विचारता, स्वतःला आवडलं म्हणून काही घेतलं की लगेच सगळ्यांना मोल आठवतं.

आमचं माहेरचं घर वारूळवाडीच्या शिवारात, मळ्यात. गावापासून जरा बाजूला, दोनचार घरं तेवढी जवळ. मध्ये एक ओढा आणि ओढ्याला लागून चढ, चढाच्या टोकाला चिंच, आणि चिंचेपासून घर हाकेच्या अंतरावर. थोरला भाऊ पुण्याला मामाकडं शिकत होता, म्हणजे घरात आम्ही तिघंच: आबा, आई आणि मी. आणि पाखऱ्या आणि गुलब्या. हे दोघं आमचे बैल. माणसांत धरले नाहीत तर आईला राग यायचा. दोघांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या, चामड्याच्या जाड पट्ट्यावर पितळेची घुंगरं बसवलेल्या. नव्या नव्हत्या, आबांच्या वडलांच्या वेळच्या होत्या. पट्टा दोनदा बदलला होता, पण घुंगरं तीच.

त्या माळांवर आमच्या घराची चूल चालायची, असं म्हटलं तर आजच्या मुलींना ते कळणार नाही. सांगते. आबा संध्याकाळी शेतातनं निघाले की सपाटीला माळा एका लयीत वाजत. ओढ्याचा चढ लागला की बैलांची पावलं अडखळत आणि घुंगरंही अडखळत. ते अडखळणं कानावर आलं की आई परातीत पीठ ओढायची. पाणी घालून मळायला लागेपर्यंत बैल चिंचेखाली आलेले असत, तिथं आवाज बदलून मोकळा होई, आणि पहिली भाकरी तव्यावर पडे. आबा बैल बांधत, माळा काढून खुंटीला लावत, पाय धुऊन ताटावर बसत, आणि त्यांच्या बसण्याला आणि भाकरी टम्म फुगण्याला एकच गाठ पडे. बाजरीची भाकरी तव्यावरून ताटात आली पाहिजे. गार झाली की ती चामड्यासारखी होते. सोबत कधी पिठलं, कधी हुलग्याची शेंगोळी, लसणाची चटणी मात्र रोजचीच. आबांनी कधी “वाढ” म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि आईनं कधी “थांबा” म्हटल्याचंही आठवत नाही. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या माळाच बोलत असाव्यात.

मग शेताचं रूप पालटलं. आजूबाजूला द्राक्षबागा झाल्या, आबांनीही निम्म्या रानात वेल लावले. उरलेल्या रानाची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं सकाळच्या न्याहारीआधी उरकायला लागली. पाखऱ्या म्हातारा झाला होता, गुलब्या पुढच्या पायानं लंगडत होता, आणि दोघं गोठ्यात उभ्या उभ्या वैरण खात दिवस काढत होते. आबांनी बरेच दिवस मनाशी घोळवत काढले आणि एका पहाटे दोघांना घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेले. संध्याकाळी परत आले ते खांद्यावर बैल बांधायची नुसती दावी टाकून. जनावर विकलं तरी दावं विकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दावं घरी राहिलं की जनावर पुन्हा दाव्याला येतं म्हणतात. आबांनी दावी खुंटीला लावली. आई बघत होती.

“आन् माळा?” तिनं विचारलं.

“ऱ्हायल्या गळ्यात.”

“काडल्या न्हाईत?”

आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, “काडायला हात घातला तर दोघांनी मान खाली केली.” आणि ते हातपाय धुवायला मागं निघून गेले.

घरी आल्यावर रोज माळ काढताना आमचे बैल आपणहून मान खाली करायचे. भर बाजारातही त्यांनी तेच केलं, कारण माळ काढायची म्हणजे घर आलं एवढंच त्यांना ठाऊक होतं. आबांचे हात तिथं चालले नाहीत. त्या रात्री आम्ही तिघंही नीट जेवलो नाही.

त्यानंतर घर मुकं झालं. आबांनी एक जुनी सायकल घेतली. आबांचा हात कुठल्याही वस्तूला लागला की ती वस्तू सुधारायची, तशी ती सायकलही तेलपाणी करून इतकी गुळगुळीत चालायला लागली की कुत्र्यालासुद्धा कळू नये. आबा येत, सायकल भिंतीला लावत आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. आई पाठमोरी असे. वळली की दचके, “अगं बया!” म्हणून छातीवर हात ठेवी. एकदा तर हातातला तवाच पडला. मग भाकरी. आधी करून ठेवाव्यात तर गार, आल्यावर करायला घ्याव्यात तर आबा ताटावर बसून राहत. गार भाकरी ते मुकाट्यानं खात, आणि त्यांचं ते मुकाट खाणं आईला जास्त लागे. तिनं एकदा सांगून पाहिलं, “अवं, वढ्यापाशी आला की जरा घंटी वाजवत जावा.” आबा म्हणाले, “घंटी वाजवत घरी याया मी काय पोस्टमन हाय का?”

चैत्र लागला. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडल्या, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी द्यायला यायला लागली, आणि संध्याकाळी वारा तिकडून असला की ढोलकीचा आवाज पार आमच्या ओट्यापर्यंत येई. आई कान देऊन ऐकायची. तिनं तमाशा कधी पाहिलेला नव्हता, पाहायची रीतही नव्हती. ती म्हणायची, “बघ शांते, ढोलकी कुटल्या कुटं वाजती ती हितं ऐकाया येती. आन् घरचं माणूस पाटीमागं येऊन हुबं ऱ्हातं त्याचा पत्त्या न्हाई.” मला तेव्हा ते नेहमीचं पुटपुटणं वाटलं.

त्याच दिवसांत आईनं स्टोव्ह घ्यायचं ठरवलं होतं. शेजारच्या हिराकाकूंकडं स्टोव्ह आला होता आणि त्यांच्या मुली फुंकणीला हात लावत नव्हत्या. आमच्याकडं फुंकणी माझ्या वाट्याची. मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या विकून आईनं पैसे साठवले होते आणि ते माझ्यासमोरच रुमालात बांधले होते, त्यामुळं तो स्टोव्ह निम्मा माझाच होता असं मी धरून चालले होते. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी नारायणगावला चालत गेलो. भांड्यांच्या दुकानात मी आमचा स्टोव्हसुद्धा निवडला, पितळी टाकीचा, चकचकीत. दुकानात गर्दी होती. आई म्हणाली, “तू हितंच थांब, त्याला हात लावून ऱ्हा. मी कुक्कू घेऊन येते.”

मी स्टोव्हला हात लावून उभी राहिले. समोरच्या ओळीत बैलांच्या साजाचं दुकान होतं. बाहेर बांबूला गोंडे, म्होरक्या, कवड्यांच्या माळा, झुली लटकवलेल्या. कुंकवाचं दुकान भलतीकडं, आणि आई या साजाच्या दुकानात कशी पोचली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं एक घुंगरमाळ उतरवून घेतली होती. ती कानाजवळ धरून तिनं हलवली. मग दुसरी हलवली, मग पुन्हा पहिली. दुकानदार तिच्याशी काहीतरी बोलत होता आणि ती पदर दातात धरून त्याला उत्तरं देत होती, आणि हसत होती. बाजारात, परक्या माणसासमोर, आमची आई हसत होती! मग तिनं कमरेचा रुमाल सोडला. मला ओरडावंसं वाटलं, पण स्टोव्हवरचा हात काढवेना.

“स्टो?” ती आल्यावर मी विचारलं.

“म्होरल्या बारीला,” आई म्हणाली आणि चालायला लागली. घरी येईपर्यंत मी तिच्यापासून दहा पावलं मागं चालले, मुद्दाम, आणि पूर्ण वाटभर तिच्या पिशवीतली ती माळ वाजत होती. तिनं ती एकदाही दाबून धरली नाही.

संध्याकाळी आबांनी खुंटीकडं पाहिलं. दाव्यांच्या शेजारी नवीकोरी माळ.

“ही कुनाला?”

“कुनाला न्हाई. आवडली.”

“आवडली?”

“व्हय.”

“बैल कुटंय?”

“बैल न्हाई.”

“मग?”

“मग काय. आवडली,” आई म्हणाली आणि तिनं चुलीत उगीचच लाकूड सारलं. आमच्या घरात भाजी आवडायची, एखादा पाहुणा आवडायचा. वस्तू आवडली म्हणून घेतली, हे वाक्य त्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. आबा माळेकडं बघत राहिले. 

पुढचे काही दिवस आई फार खुशीत होती. पाण्याची कळशी घेऊन आत येताना ती जाता जाता माळेला बोटानं टिचकी मारी. झाडताना केरसुणीची मूठ लावी. एकदा दुपारी मी झोपलेय असं समजून तिनं माळ काढून मांडीवर घेतली आणि हळूहळू हलवत बसली. मी फुंकणीचा राग धरून होते, पण तो आवाज ऐकून मलासुद्धा गोठ्यात कुणीतरी आहे असं वाटायला लागे, आणि मग रडू येई. पाखऱ्या-गुलब्यांसाठी मी तोवर रडलेच नव्हते.

पण गाव म्हणजे गाव. चैत्रात आमच्याकडं यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की बैलगाड्यांच्या शर्यती. शर्यतीच्या त्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. ऐन त्या दिवसांत किसनभाऊच्या, म्हणजे आबांच्या, घरी नवी घुंगरमाळ आली म्हटल्यावर दुसरा अर्थ कुणी कशाला काढेल? शेजारचे दगडूनाना, म्हणजे हिराकाकूंचे मालक, सकाळी सकाळी तंबाखू मळत येऊन बसले.

“काय राव किसन, घाटात उतरनार म्हनं तू! खोंडं कुटनं उचलली? आमाला दावशील का न्हाई?”

“कसली खोंडं, नाना!”

“आता लपवतो व्हय! माळ आली, म्हंजी मागनं बैल आलाच की.”

आबांनी नाही नाही म्हणून सांगितलं. मग दुसरे आले, तिसरे आले. बैल नाहीच असं कळल्यावर मजा आणखी वाढली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण हिराकाकूंनी विहिरीवर चार बायकांत ऐकवली. गावात गेलेल्या आबांना कुणीतरी म्हणालं, “बैल इकून माळ घेनारा मानूस आपल्या गावात पयलाच!” आबा ते ऐकून आले. इतक्या रागात मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. ते खुंटीपाशी उभे राहून म्हणाले,

“बैल इकलं म्हून मला टोचाया लावलीस व्हय ही हितं?”

आईच्या हातातलं काम थांबलं. “टोचाया न्हाई आनली वं.”

“मग कशापाई आनली? सांग की. बैल न्हाई, गाडी न्हाई, काय न्हाई. कशापाई आनली?”

आई उभी होती. तिचे ओठ दोनतीनदा हलले. तिला सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. पण उत्तर तोंडातून बाहेर येईना, कारण ते नवऱ्याच्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं. आमच्या काळात बायका नवऱ्याशी पावसापाण्याचं बोलत, दुखण्याखुपण्याचं बोलत. तुमची वाट बघायला मला आवडतं, तुम्ही येताय हे लांबूनच कळलं की बरं वाटतं, असलं कोण कुणाला बोलणार? आबांनी जरा वाट पाहिली आणि म्हणाले, “म्होरल्या बाजारी परत जाईल ही.”

“बरं,” आई म्हणाली.

त्या “बरं”नंतर आईनं माळेला हात लावला नाही. कळशी घेऊन येताना ती अंग चोरून खुंटीजवळून जायची. मग तिनं माळ जुन्या फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली, परत करायची वस्तू मळायला नको म्हणून. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. माळ परत गेली की रुमालात पैसे आणि पैशांचा स्टोव्ह. पण संध्याकाळी आबा दारात येऊन उभे राहिले, आई वळली, आणि या खेपेला ती दचकलीसुद्धा नाही. नुसतं “आला?” म्हणाली आणि झाकून ठेवलेली भाकरी ताटात वाढली. तेव्हा मला स्टोव्ह नकोसा झाला.

दुकानात पुढं आयुष्यभर मी हे पाहत आले. नवऱ्यानं हटकलं म्हणून बांगड्या परत करायला आलेल्या बायका. वस्तू काउंटरवर ठेवतात ती अगदी हलक्या हातानं ठेवतात. मी शक्य तोवर परत घेत नसे. आमचे हे चिडत, त्यांना वाटे मी धंदा बघतेय.

बाजाराच्या दिवशी आबा म्हणाले, “शांते, चल. दुकान दाव.” आई ओट्यावर डाळ पाखडत होती. तिनं कोनाड्यातलं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. मी सायकलच्या मागं बसले. गाठोडं पिशवीत घालून आबांनी हँडलला अडकवलं होतं. सडकेला खड्डा आला की फडक्याच्या आतून माळ दबक्या आवाजात वाजे आणि आबा पायडल मारता मारता पिशवीला गुडघ्यानं दाबत. 

साजाचा दुकानदार पोट सुटलेला, बोलका माणूस होता. आबांनी गाठोडं सोडून माळ पुढं ठेवली. “ही परत घ्या.”

त्यानं माळ उचलली, माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. “ही तर त्या बाईंनी नेल्याली! तुमच्या घरनं व्हय? मग काय झालं, पावनं? बैलाला बसली न्हाई का?”

“बैल...” आबा म्हणाले आणि थांबले.

“न्हाई, मी त्यांना इचारलं व्हतं ना! म्हनलं, खोंड हाय का मोटा बैल हाय? त्या म्हनाल्या, मोटा हाय, जुना हाय. म्हनलं, मारका हाय का? तर म्हनाल्या, न्हाई वं, लई गरीब हाय. कामाला वाघ हाय. फकस्त त्येचं एकच, घरी येतो कवा त्येच कळत न्हाई. मुक्यानं येऊन पाटीमागं हुबा ऱ्हातो, जीव दचकतो माजा. म्हून माळ पायजे म्हनाल्या, वढ्यापासनं ऐकाया आली पायजे.” दुकानदार स्वतःच हसला. “मीबी म्हनलं, बाई, असला बैल नशिबानं गावतो. चार माळा हलवून बघितल्या त्यांनी, आन् ही पसंत केली. काय झालं, आवाज कमी पडतो का?”

मी आबांकडं पाहिलं. आबांचे कान लाल झाले होते, पार पाळीपर्यंत. मी तेव्हा लहान होते, पण इतकी लहान नव्हते. हा कुठला बैल ते माझ्याही ध्यानात आलं आणि मी झटकन खाली बघितलं, कारण हसू येत होतं आणि आबांसमोर हसण्याची सोय नव्हती.

 आबांनी माळ दुकानदाराच्या हातून घेतली. कानाजवळ धरली. हलवली. अगदी आईनं हलवली होती तशी.

“आवाज बरा हाय,” ते म्हणाले.

“मग परत कशापाई?”

“परत न्हाई.” आबांनी वर लटकलेल्या गोंड्यांकडं बोट केलं. “त्यो तांबडा गोंडा लावून द्या हिला. मधोमध. जरा झुपकेदार.”

“आन् बैलाला जपा बरं का, पावनं,” दुकानदार गोंडा ओवता ओवता म्हणाला, “असल्या गरीब जनावरावर वरडू नये.”

“वरडतो त्यो बैलच,” आबा म्हणाले. “आता न्हाई वरडनार.”

आबांनी मला भेळ घेऊन दिली. स्वतःही घेतली. यात्रेशिवाय त्यांना भेळ खाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सायकल उभी केली आणि पुढच्या हँडलला, दोन्ही मुठींच्या मधे, ती माळ बांधली. गोंडा बरोबर मधे आला पाहिजे म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली. आम्ही निघालो. सगळा बाजार वळून बघत होता. मोठ्या मिशांचा, डोक्याला टोपी, धोतराचा काचा मारलेला पोक्त माणूस, आणि त्याच्या सायकलच्या गळ्यात बैलाची घुंगरमाळ, वर तांबडा गोंडा! मळ्याच्या वाटेला दगडूनाना भेटले. ते वाटेतच थांबले.

“अरं किसन, हे काय राव! सोताच बैल झालास व्हय?”

“व्हय नाना,” आबा पायडल न थांबवता म्हणाले, “दाव्याला बैल नगं का कुनीतरी?”

नाना बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी गावात पोटभर हसून झालं, आणि नंतर लोकांना सवय झाली. ती माळ सायकलवर राहिली, सायकल गेल्यावर लूनावर आली. आमच्या शिवारात पोरं आबांना लांबूनच ओळखत. स्टोव्हसुद्धा आला पुढं दिवाळीला. तो कसा होता, कधी मोडला, कुठं गेला, मला काही आठवत नाही. माळ आज जुन्नरला माझ्या दारात आहे. खोकी घेऊन येणाऱ्या पोराचा हात तिला लागतो आणि ती वाजते. सुनेचा निळा मासा मी तिच्याच शेजारी टांगायला लावलाय, खोलीत लपवायला नाही दिला. सून म्हणाली, “आई, तुम्ही विचारलं नाहीत, कशाला घेतला म्हणून?” मी म्हटलं, तुझं तुला ठाऊक असलं म्हणजे झालं.

तर त्या संध्याकाळी आम्ही ओढ्यापाशी आलो. आबा सायकलवरून उतरले. एरवी ते चढ जोर मारून काढत. “उतर शांते,” ते म्हणाले, “आन् म्होरं पळू नगंस.” त्यांनी सायकल हातानं ढकलत चढायला सुरुवात केली, सावकाश, दगडाधोंड्यावरनं, आणि माळ अडखळत वाजायला लागली, जशी चढाला वाजायची. चिंचेखाली आवाज मोकळा झाला. घरातून कुणी बाहेर आलं नाही. नुसता धुराड्यातून धूर वर येत होता. आबांनी सायकल भिंतीला लावली, माळ सोडून घेतली आणि खुंटीला दाव्यांच्या शेजारी अडकवली. हातपाय धुतले, ताटावर बसले. आई चुलीपाशी पाठमोरी, हात पिठानं भरलेले. ती वळली नाही आणि दचकली नाही. तव्यावरची भाकरी फुगून वर आली होती, ती तिनं तशीच उचलून आबांच्या ताटात ठेवली. आबांनी मोडली तशी वाफ आली.

“दुकानदार इचारत व्हता,” आबा ताटाकडं बघत म्हणाले, “बैल कसा हाय म्हून.”

आईचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. तिनं पुढचा गोळा हातावर घेतला आणि थापता थापता म्हणाली,

“आज येळंवर आला.”